लक्ष्मीच्या फोटोमागचा निळा

वामनराव : हा रंग नाही गा. ही तीस वर्षांची बिडी हाय.

अनिश : काका, कॉम्प्युटरने मॅच केलाय. दुकानदाराने तीनदा तपासला.

वामनराव : काय तपासलं? ह्या गेमच्या डब्याची बाजू. त्या बाजूले टेकून जरीपटका मोहल्ल्यातले सारे रिकामटेकडे पोट्टे धूर सोडत, डोक्याचं तेल घासत. कॉम्प्युटरनं त्या तेलाचा रंग काढून देल्ला अन् तू भैताडासारखा दोन लिटर घेऊन आला.

अनिश : मग मूळ रंग कळणार कसा? अशा मशीनचे परदेशातले फोटो आहेत माझ्याकडे.

वामनराव : परदेशातले. हा व्हिडिओ गेम परदेशातून नाही आला. आतला टीव्ही दिल्लीहून आला, लाकडाचा डबा इतवारीत ठोकला अन् रंग ह्या हातानं देल्ला. एक्याण्णव साली. मारोतरावाच्या गेम पार्लरचे सहा डबे होते, सहाही मीच रंगवले.

अनिश : म्हणून तर तुमच्याकडे आणला. शनिवारी तिकडे बेसा भागात माझा कॅफे सुरू होऊन राहिला. दारातच ठेवायचाय हा, जसा होता तसा. शाळा बुडवून खेळायचो ह्याच्यावर. तो निळा मला अजून आठवतो.

वामनराव : आठवते म्हणे. आठवणीनं रंग बनत असता तर पेंटरले कोणी विचारलं असतं? डब्याच्या समोरच्या बाजूचा तो लक्ष्मीचा फोटो काढ. मारोतराव दसऱ्याले मशीनची पूजा करे अन् फोटो चिकटवे. पुढच्या साली त्याच्यावरच दुसरा. जुना कधी काढला नाही त्यानं. पाणी लाव. हळू, नख नको मारू.

अनिश : निघाला. अरे, किती निळा आहे हा.

वामनराव : हा रंग. इथं ना ऊन पोचलं ना बिडी. आता ह्याले पाहून बनवतो. चुकला तर ब्रश खाली ठेवीन अन् पुन्हा धरणार नाही. लिहून घे.

अनिश : नको काका, एवढं कशाला.

वामनराव : लिहून घे म्हटलं ना. अन् हे पाहा, बनवला बी अन् लावला फळीवर. धर त्या निळ्याच्या बाजूले. सांग फरक.

अनिश : थोडा हिरवट वाटतो.

वामनराव : हिरवट. कॅफेवाल्याले हिरवट दिसते. कॉफी पिऊन पिऊन डोळे गेले तुमचे.

अनिश : वहिनी आल्या चहा घेऊन. वहिनी, तुम्ही सांगा.

कामिनी : मले नका ओढू त्यात. चहा घ्या.

वामनराव : तिले काय विचारतो? माही सून मॅचिंग सेंटरात कामाले जाते. ब्लाऊजपीस अन् अस्तर विकते. तिले रंग नाही, बायांले खुश ठेवणं समजते.

कामिनी : हौ मामाजी. एका निळ्याचे बेचाळीस ठाण हायेत आमच्याकडे. चुकीचा देल्ला का बाई लग्नाच्या दिवशी परत येते, खुश होऊन.

वामनराव : मंग बोल ना. सासऱ्याची चूक काढ. तेवढंच राह्यलं होतं.

कामिनी : अनिशभाऊ, गेमचा डबा दारात सरकवा. ट्यूबच्या उजेडात आम्ही अस्तर बी देत नाही. हं. आता पाहा, मामाजी. हिरवा मारून राहिला.

(वामनराव उजवा डोळा घट्ट मिटून फळी निळ्याशी लावतात.)

वामनराव : नाही मारून राहिला.

कामिनी : तोच डोळा काहून मिटता?

वामनराव : पेंटर एका डोळ्यानंच पाहते वं.

कामिनी : पाहते. पण तुमी ऑपरेशन झालेला मिटता अन् मोतीबिंदूचा उघडा ठेवता. त्याच्यातून सारं पिवळं दिसते, डॉक्टरनं माह्यासमोर सांगतलं. दिवाळीपासून पाहून राहिली मी.

अनिश : मग चांगल्या डोळ्याने बघा ना, काका.

वामनराव : तू गप बे.

कामिनी : काहून, मामाजी?

वामनराव : काहून काय. दवाखान्यातून ऑटोत बसून आलो त्या दिवशी. डोळ्यावरची पट्टी काढून देल्ली होती. रस्त्यानं माह्याच पाट्या. किराण्याची, लाँड्रीची, गोविंदाच्या सलूनची. दुधी सांगितला तिथं पिवळा, आसमानी सांगितला तिथं हिरवा. चार वर्षांपासून. कोणी एक शब्द बोललं नाही मले. म्हाताऱ्याचं मन राखलं म्हणे. माह्या रंगावर दया केली भैताडाईनं. त्या डोळ्यानं पाह्यलं तर मी पेंटर नाही. ह्यानं पाह्यलं तर अजून पेंटर हावो.

कामिनी : अनिशभाऊ बोलले ना आज.

वामनराव : बोलला.

कामिनी : मंग त्यायच्यापुरता तो डोळा उघडा.

वामनराव : हं… हिरवा हाय. चांगलाच हिरवा हाय.

अनिश : शनिवारला वेळ आहे, काका. दुसरा बनवा.

वामनराव : मी नाही बनवत. चुकला तर ब्रश खाली, बोललो होतो. कामिनी, पदर खोच. तो निळ्या रंगाचा डबा ओढ इकडं.

कामिनी : मले ब्रश धरता येत नाही, मामाजी.

वामनराव : बेचाळीस ठाणवाली आली मोठी. ब्रश काय, कोणी बी धरते. तू धर, मी पाहतो.