बायडीबाईंच्या डोक्यावरची रशियन रिंग

नाव : मंजुळा आनंदा खिलारे, वय ४३ वर्षे, व्यवसाय नोकरी (रबर कारखान्यात तपासनीस), राहणार सरावली, ता. जि. पालघर.

मी आज दि. १२/०२/२०२६ रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, आमच्या कारखान्यात सैन्याच्या रणगाड्यांसाठी रबरी रिंगा बनतात. रणगाडे मूळचे रशियाचे. पूर्वी रिंगाही तिकडूनच यायच्या. युद्ध लागल्यापासून तिथले कारखाने आधी स्वतःच्या फौजेला माल देतात. उरलासुरला विकायचा म्हटला तर निर्बंधांमुळे बँका व्यवहार अडवतात. म्हणून हे काम बोईसरला आमच्या कारखान्याकडे आले. नमुन्याला अस्सल रिंग एकच होती, वीतभर रुंद, अंगठ्याएवढी जाड. दुसरी मागवायची सोय नाही.

सोमवारी सायंकाळी ५.३० वा. पालघरच्या प्रयोगशाळेतून परत येताना ती रिंग मी शेअर रिक्षात विसरले. मालक मेहुलभाई एवढेच म्हणाले, "मंजुळाबेन, आता कशावरून बनवायचं?" त्यानंतर दोन दिवस मी डबा नेला नाही.

आज सकाळी १० वा. आमचा वॉचमन रूपेश याला बोईसर बाजारात भाजीवाल्या बायडी गोमा धोडी, वय अंदाजे ६५, यांच्या डोक्यावर ती रिंग दिसली. काकडीच्या पाटीखाली चुंबळ म्हणून ठेवली होती. चोरीचा संशय घेऊन त्याने त्यांना इथे आणले. त्याचा फोन आल्यावर मी आले तेव्हा त्या बाकावर पाटी धरून बसल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "रिक्षात पडलेली व्हती. मी चोरली नाय. लय बेस हाय, मान दुखत नाय."

मी रिंग इथेच मोजली. तीन दिवस ओझे सोसूनही माप केसभर बदललेले नाही. माझी बायडीबाईंविरुद्ध तक्रार नाही. माझ्या पिशवीत आमच्याकडे बनलेली, मापात न बसलेली एक रिंग होती, ती मी त्यांना दिली. त्यांनी ती डोक्यावर ठेवून पाहिली. "ही जास्त काळी हाय. मळणार नाय."

पहिली रिंग रशियाची, आता तिकडून येत नाही, हे मी त्यांना सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले, "ते लोक आता का देत नाय?"

मी सांगितले, "मावशी, तिकडे लढाई चालू आहे. चार वर्षं होत आली."

"मंग त्यांची पोरं घरी कवा येतील?"

हवालदार म्हणाले, हे जबाबात घ्यायची गरज नाही. मी म्हटले, घ्या.

वरील मजकूर मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरवला आहे.

सही : मंजुळा आ. खिलारे