दातेरी चाकू आणि हवालदार

अरे, होडीवर असायचो तेव्हाचं सांगतो. खिशात ठेवायला चाकू हवा म्हणून पनवेलच्या बाजारात गेलो. दुकानदाराला विचारलं, "वला दोर कशानं लवकर तुटंल? साध्या धारेनं, का दातेरी पात्यानं?"

मागून एक हवालदार म्हणाला, "दोर तोडायचाय, का कुणाचा गळा?"

"दोरच, साहेब. आमी होडीवाले."

त्याला पटलं नाही. मी दातेरी घेतला, तर तो बंदरापर्यंत माझ्या मागं आला. तिथं एक बैल चिखलात घसरून पडलेला, ओल्या दाव्याचा फास गळ्याला बसून घुसमटत होता.

हवालदारच ओरडला, "बघतोस काय? काढ चाकू!"

खसाखसा दावं तोडलं. बैल उठला. हवालदारानं पात्यावरून बोट फिरवलं.

"दातेरीच बरा," तो म्हणाला. "पण यानं गळाही तेवढाच लवकर तुटेल. आता तुझं नाव-गाव सांग."