शिवणीतली माया

मुलुंडच्या दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या जयंतीचे कान समोरच्या मायलेकांकडे लागले होते.

“आई, घाम नाही, धाप नाही. याला व्यायाम म्हणत नाहीत!”

“मग काय म्हणतात रे?”

“टाइमपास. मी तुझ्या हातात बांधलेलं हे घड्याळ बघ. व्यायाम, शून्य मिनिटं.”

“त्याला काय कळतंय? सहा महिने रोज तासभर हळूहळू चालतेय मी. साखर उतरली ना?”

“जिममध्ये वजन झटपट उतरलं असतं.”

“तिथे गेले तर चौथ्या दिवशी गुडघा धरून बसले होते, विसरलास? दिवाळीत टेलरने या ब्लाउजच्या शिवणीतली होती नव्हती ती माया उसवली. काल मी दोन्हीकडून आत टीप मारली. सांग तुझ्या घड्याळाला, हे मोज म्हणावं!”

जयंतीने पदराआडून आपल्या ब्लाउजची ताणलेली शिवण चाचपली. मग उठली आणि व्हरांड्यात हळूहळू चालायला लागली.