अर्धी राहिलेली पोथी

माझं म्हायार शिराळ्याच्या अंगाला, डोंगराकडचं. चौथीपतुर शाळा शिकले, मग बा म्हनला, बास झालं, खुरप्याला काय अक्षर लागतंय व्हय. आन् इकडं इस्लामपूरच्या बाजूला दिली. मालक मिल्ट्रीत, वर्सातनं दोनदा सुट्टीवर यायचं. घरात थोरलं दीर, जाऊबाई आन् मामंजी. सासूबाई मी यायच्या आदीच गेलेल्या. उसाचं रान, दोन म्हसरं, तांबडं फुटल्यापास्नं कामाला जुपलेली. अक्षराचा आन् माजा संबंदच राह्यला न्हाई, काय सांगू तुमाला, औशिदाच्या बाटलीवरचं नाव बी दुसऱ्याला इचारायचे.

मामंजी म्हंजी दांडगं मानूस. श्रावण लागला की सोप्यात पोथी लावायचं. हातपाय धुवून, पोथीचं तांबडं फडकं सोडून आसा खणखणीत सूर लावायचं की सारी गल्ली यिऊन बसायची. आमी बायका आत भाकरी थापत बसायचो. निस्ता सूर कानावर यायचा, अर्थ तव्यावरच करपायचा. आन् एका श्रावणात निम्मी पोथी झाली आन् मामंजीस्नी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पोथीत मोरपिसाची खूण घालून ती फडक्यात बांधून भितीतल्या देवळीत ठिवली. आमच्यात लावलेली पोथी अर्धी ठेवत न्हाईत, पर वाचनार कोन? दीर म्हनायचं, बगू फुडच्या वर्सी.

त्याच दिवाळीच्या तोंडाला मी वैरणीचा भारा घिऊन बांधावरनं घसरले आन् पाय मोडला. मिरजंला नेलं, सळी घातली, मांडीपतुर पलिस्तर. डाक्टर म्हनलं, पाय भुईला टेकवायचा न्हाई. सोप्यातच मामंजींच्या समोर माजी खाट टाकली. जल्मात मामंजींच्या म्होरं खाटंवर बसले न्हवते, आन् आता बसायचं ती त्यांच्याकडं पाय पसरून! लाजंनं मेल्यागत व्हायचं. पदर नाकापतुर वढून बसायचे. जाऊबाईचं तोंड तर काय थांबतंय, म्हनायच्या, पाय मोडला आन् बाईची म्हाराणी झाली.

पर आवं, बसले म्हनून दिसलं. मामंजी डाव्या हातानं कायतरी खुनवायचं, जाऊबाई पानी पाजायच्या, कूस बदलायच्या, आन् त्ये आनकीच चिडायचं. मी दिसभर समोर, मला उमगलं, ह्यांची नजर देवळीकडं जातीया. जाऊबाईस्नी म्हनलं, त्यास्नी पोथी द्या. दिली तर छातीशी धरून ढसाढसा रडलं. एवढं दांडगं मानूस. मला ऱ्हावलं न्हाई, म्हनलं, मामंजी, मी वाचू का? नीट येत न्हाई, आन् पाय बी तुमच्याकडंच ऱ्हानार. त्यांनी हात हलवला, आसू दे म्हनून.

मग काय, उशीवर पोथी ठिवायची आन् बोट लावून लावून वाचायचं. एका ओवीला घामाघूम. जोडाक्षर आलं की माजी गाडी चिखलात. चुकलं की मामंजी डाव्या बोटानं खाटंच्या लाकडावर टकटक करायचं. सगळी पोथी त्यास्नी पाठ, माजं बरुबर येईस्तवर सोडायचं न्हाईत. हळूहळू जीभ वळली. मग भडंगाच्या पुडीचा कागद बी वाचल्याबिगर सोडंना मी. आन् बसल्या जागी इचार यायचा, इतकी वर्सं ह्या मानसाच्या म्होरं ताट ठिवलं, च्या ठिवला, पर ह्यांच्या मनात काय हाय आसं कवा इचारलं न्हाई. येळच कुटं हुता.

बगाय येनारी मानसं म्हनायची, म्हाताऱ्याचा जीव पोथीत आडकलाय, ती सपली की सुटंल. जाऊबाई म्हनायच्या, संपीव बाई एकदाची, हाल बगवत न्हाईत. मला बापानं शाळंतनं काढली, ह्यांनी मुकेपनानं शिकिवली, आन् मीच वाचून ह्यांना घालवू? शेवटचा आध्याय आला तसं मी मोरपीस मागं सारलं आन् वाचलेलाच आध्याय पुन्ना काढला. त्यांनी टकटक केली. मी न ऐकल्यागत केलं. तवा त्यांनी भितीकडं तोंड फिरवलं, ती सांजचं पेजंला बी उघडलं न्हाई.

दुसऱ्या दिशी पदर मागं सारला आन् तोंडावर बोलले. मामंजी, एकच आध्याय ऱ्हायलाय, त्यो वाचला तर तुमी जाशिला, मला भ्या वाटतंय. माज्याकडं बगितलं, डोळं भरलं त्यांचं. मग हळूच ती मोरपीस उचललं आन् माज्या हातात दिलं. मग वाचलं गड्या, वाचलं. आख्खा आध्याय झाला पर एक टकटक न्हाई. मला वाटलं, गेलं. वर बगितलं तर दोनी हात जोडता येत न्हवतं म्हनून डावा एकच हात कपाळाला लावलेला, आन् गालावरनं पानी. चुका झाल्याच आसतील की माज्या, चुकल्याबिगर मी कवा वाचलंय? पर त्या दिशी धरल्या न्हाईत त्यांनी.

आन् गेलं न्हाईत बगा! उलट पोथीचं पयलं पान दावलं, पुन्ना लाव म्हनून. पाडव्यापतुर ऐकलं. खाटंवरनंच गुढीच्या पाया पडून दुपारी डोळा लागला ती उठलंच न्हाईत, शांत गेलं. ऱ्हायलेली पोथी मी तेरावं झाल्यावर पुरी केली.

पाय आता बरा हाय, थंडीत जरा ठनकतोय. रानात जाते. पर श्रावणात भाकरी जाऊबाई थापतात आन् पोथी मी लावते. त्याच म्हनतात, तू बस, मी बगते चुलीचं. तुमच्या बी घरातल्या म्हाताऱ्या मानसाजवळ बसा बाबांनो, पाय मोडायची वाट बगू नगा. आजून बी जोडाक्षराला आडते मी. आडले की समोरच्या खाटंकडं बगत थांबते. बायका म्हनतात, वाच की. मी म्हनते, थांबा जरा. मग माजी मीच बोटानं लाकडावर टकटक करते, आन् फुडं वाचते.