पित्ताची म्हणून सांगितलेली तीन औषधे

जबाब देणारी: घरी व दुकानात 'बारकी' म्हणतात. वय ३१ वर्षे. व्यवसाय: औषध दुकानात विक्रेती. राहणार: बाजारामागची गल्ली, दुसरा मजला. आरोपीशी नाते: सख्खी धाकटी बहीण.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे.

आरोपी हा माझा दादा. त्याच्या लग्नाला सात वर्षे झाली. वहिनी लग्नाआधी छापखान्यात मुद्रिते तपासायची. तिला शब्दांचा नाद आहे. मी लग्न केलेले नाही. दादाच्या लग्नानंतरही आम्ही एकाच घरात राहत होतो. भाजी निवडताना आम्ही दोघींनी गंमत म्हणून एक भाषा करायला घेतली. पुढे तिचे व्याकरण झाले, दोन वह्या भरल्या, नऊशेच्या वर शब्द झाले. क्रियापदाला 'विन' लावले की ते आपोआप झाले नाही, कोणीतरी केले, असा अर्थ होतो. दूध उतू गेले की जाऊ दिले, हे त्यावरून कळायचे. या भाषेचा दुसरा काही उपयोग नव्हता.

दादाला वाटायचे, आम्ही त्याला हसतो. कधी कधी हसायचोही. तीन महिन्यांपूर्वी त्याने दोन्ही वह्या फाडल्या आणि मला वेगळे राहायला सांगितले. तेव्हापासून वहिनीचा फोन त्याच्याजवळ असतो. मी दोनदा घरी गेले. दोन्ही वेळा ती झोपली आहे, असे त्याने दारातूनच सांगितले. मी परत आले.

काल मंगळवारी दुपारी तीन चाळीसला दुकानाच्या फोनवर वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, "वन्सं, औषधं लिहून घ्या." ती मला थट्टेने वन्सं म्हणते. कालचा आवाज थट्टेचा नव्हता. मागून दादा म्हणाला, "लवकर आटप."

तिने तीन नावे सांगितली: लेरुमोक, गेलतोसाविन, मिरादोल. मी ती पाकिटावर लिहिली. ते पाकीट हजर करते.

अशी औषधे नाहीत. लेरुमोक म्हणजे दार बंद आहे. गेल म्हणजे हात, तोसा म्हणजे मोडणे. कपाचा कान मोडला तेव्हा केलेला शब्द. मिरादोल म्हणजे ये, एकटी येऊ नकोस. मारणे हा शब्द आमच्याकडे नाही. कधी लागला नव्हता.

दादाने फोन घेतला. "बारके, कसली गं औषधं?"

मी म्हटले, "पित्ताची."

"तीन-तीन?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ."

तो म्हणाला, "बांधून ठेव. सहाला येतो."

समोर गिऱ्हाईक उभे होते. मी त्यांना सुटे पैसे दिले. मग मालकांना सांगून ठाण्यात आले. येथून एक हवालदार व एक महिला शिपाई सोबत आले. चार वीसला आम्ही दादाच्या घरी पोचलो.

दादाने दार उघडले. शर्ट इस्त्रीचा होता. म्हणाला, "औषधं घरपोच? तीही पोलिसांबरोबर?" आतल्या खोलीला बाहेरून कडी होती. महिला शिपायांनी ती काढली. वहिनी पलंगावर बसली होती. डावे मनगट सुजून काळेनिळे झाले होते. हवालदारांनी विचारले. ती म्हणाली, "न्हाणीघरात पाय घसरला." दादा तिच्यासमोर उभा होता.

मी तिला आमच्या भाषेत विचारले, "तोसा, की तोसाविन?"

दादा हसून म्हणाला, "साहेब, या दोघींचा पोरखेळ आहे. हे लिहून घेणार का तुम्ही?"

वहिनी म्हणाली, "तोसाविन."

हवालदारांनी मला अर्थ विचारला. दादा माझ्याकडे बघत होता. शाळेत असताना त्याने मला सायकल शिकवली. हे लिहायची गरज नसेल तर लिहू नये. मी अर्थ सांगितला. त्यावर वहिनी मराठीत म्हणाली, "हो. यांनीच."

दवाखान्यात काढलेल्या फोटोत हाड दोन ठिकाणी मोडलेले आहे. जुने एक मोडलेले हाड जुळलेले आहे, ते कधीचे मला माहीत नाही. मला माहीत असायला हवे होते. वहिनी सध्या माझ्या खोलीवर आहे.

आई बाहेर बाकावर बसली आहे. तिने कोठडीतल्या दादासाठी डबा आणला आहे. आत येताना मी तिला हाक मारली. तिने माझ्याकडे न बघता डबा दुसऱ्या हातात घेतला.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. भाऊ आहे, यातले काही कमी करायचे का, असे साहेबांनी विचारले. नाही म्हटले. सही केली.