दिवा हिरवाच हाय की!

…न्हाई, मला सांगा, दिवा हिरवा असल्यावर माणसानं समजायचं काय? कुरकुंभच्या कंपनीत बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन हाय मी, तिथं हिरवा म्हंजी चालू, लाल म्हंजी पळा! आन् हितं, दौंडात, माझ्याच घरात, कपाटावर केबलवाल्याचा मोडेम, त्याच्यावर हिरवा दिवा, शेजारी नवा कोरा राउटर, त्याच्यावरबी हिरवा दिवा, आन् लॅपटॉपवर? पांढरं पान! नेटचा पत्ता न्हाई!

तुम्हाला सांगतो, एरवी मी काय बोललोबी नसतो. पण आमची धनश्री बारावी चांगल्या मार्कांनी पास झालेली, इंजिनिअरिंगला जायचं, पहिलं कॉलेज कुठलं, दुसरं कुठलं, ते नेटवर भरायचं, आन् त्या दिवशी संध्याकाळी पाचला ते बंद! पाच म्हंजी पाच! हुकलं तर वर्ष गेलं पोरीचं. आन् मी काय केलेलं? आदल्याच दिवशी लॅपटॉप आणला, राउटर आणला, म्हटलं बस बाई घरात कुठंबी, आन् जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालून दिला पाठवून शिरूरला, मेव्हण्याकडं. शहाणा ना मी! कॅफेत जावं, तर बाहेर ही रांग, सगळ्या तालुक्याची पोरं तिथंच, नंबर कवा लागायचा?

लावला केबलवाल्याला फोन. पोपटराव. तोंडात कायम गुटखा, त्यामुळं बोलणं कसं… "माम्माऽ… दिवा कुठला हाय?" म्हटलं हिरवा. "मंग आमच्याकडनं ओके हाय. राउटरवाल्याला इच्यारा." राउटरवाल्याला लावला. तिथं एक गोड आवाजाची बाई, "सर, लाइट कौन सी है?" म्हटलं बाई, हिरवा! "तो हमारी तरफ से ठीक है सर, केबलवाले से पूछिए." आता ह्याला काय म्हणायचं?

वायर काढली, उलटी लावली, सुलटी लावली, राउटर बाजूला ठेवून लॅपटॉपच सरळ मोडेमला जोडला… दिवा हिरवाच, पान पांढरंच! तीन वाजले. धनश्री घड्याळाकडं बघत नुसती नखं खात बसलेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं हो.

परत पोपटराव. आता थुकून बोलला, "मामा, जुना कॉम्प्युटर कुठंय?" म्हटलं शिरूरला. "मंग तेच! आवो, मोडेम म्हशीगत असतो, वळखीच्या हाताशिवाय धार देत न्हाई. जरा बंद ठेवा, जुन्याला इसरंल, मंग नव्याला वळखंल."

एवढंच व्हय! भिंतीवरचं बटन बंद केलं, शंभर आकडे म्हटले, येऊन बघतो… दिवा हिरवा! म्हटलं थांब तुला दावतो. गेलो, मेन स्विच पाडला, घरातले पंखे बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद… आन् दिवा? हिरवाच! मला दरदरून घाम. भूतबित हाय का काय ह्याच्यात?

…आन् मंग आठवलं. भूत मीच! लोडशेडिंगमधी बंद पडू नये म्हणून मीच त्याला कपाटामागनं इन्व्हर्टरला जोडलेला, आन् आमची आई, अनसाबाई, मोबाइल चार्ज करायला त्याची पिन उपटती, म्हणून पिनच ठेवली न्हाई, वायरीला वायर! दौंडातले दिवे जातील पण आमचा मोडेम न्हाई, असं सहा महिने कंपनीत छाती फुगवून सांगितलेलं! आता चार वाजले, लागलो कपाट ढकलायला. लोखंडी कपाट. हालंना!

तवर आई आली फडकं घेऊन. "आरं हणमा, ही धूळ बघ! चालंल कसं ते?" आन् उचलला की हो तिनं मोडेम! मी वरडलो, "आई! ठेव खाली!" पण पुसता पुसता मोडेमच्याच मागची गोल पिन निसटली आन् दिवा गेला. गेला! आयुष्यात पहिल्यांदा दिवा गेल्याचा आनंद झाला मला! मागं गोल पिन असती हे इलेक्ट्रिशियनला ठाऊक न्हाई व्हय? ठाऊक हाय हो! पण डोकं मेन स्विचच्या खाली उतरलंच न्हाई.

दोन मिन्टं थांबलो, मेन स्विच चालू केला, पिन लावली, आन् पान उघडलं! पोरीनं भराभरा भरलं, साडेचारला शेवटचं बटन दाबलं. माझ्या डोळ्यांतनं पाणी, खोटं कशाला बोलू? आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

म्हटलं धने, पहिलं कुठलं टाकलंस? तर म्हणती, "नागपूर."

"नागपूर? अगं, पुणं हितं दीड तासावर हाय!"

"मला हवी ती ब्रँच तिथं चांगली हाय, पप्पा."

"आन् आम्ही तुला बघायचं कसं?"

तर पोरगी हसली, म्हणती, "नेट चालू केलंय की तुम्ही. रोज दिसंन."

घ्या! दिवसभर कपाट ढकलून, घाम गाळून मी चालू काय केलं… तर पोरीचं नागपूर!