इंजिनाले बांधलेलं लुगडं

राम राम सगळ्याइले. बसा, बसून राहा.

मी माइकवर कधी बोलली नाई. शाळेत दुसरीपर्यंत गेली, बस. मामाजीच्या फोटोले हार घालाचा अन् मागे बायकाइत जाऊन बसाचं, एवढंच मले सांगितलं होतं. पन रात्रभर माह्या डोळ्याले डोळा लागला नाई. पोरीनं नाई उठवलं, ते तं निजली होती. मीच उठून उठून बसली. काहून, तेच सांगाले उभी राहिली. मले बसवू नका.

तुम्ही सगळे आत्ता बोलले. लक्ष्मण मिस्त्रीसारखा हात नागपुरात नाई, म्हनले. मामाजी माहे सासरे, मले बरं वाटलं. काल सांजेले शेठजीचे मुनीमजी घरी बसाले आले, तेही हेच म्हनले. "सुनबाई, मिस्त्रीचं शेवटचं काम म्हनजे लोनी! त्या फॉरेनच्या गाडीत धक्का म्हनून राहिला नाई. आज दुपारी तुहा भाऊ आला अन् घेऊन गेला. उद्या शेठजीच्या घरच्याइले घेऊन सावनेरच्या कापसाच्या जिनिंगवर जाते, अन् चार वाजता तिथून छिंदवाड्याले. घाटानं."

मी आमच्या ह्याइले सांगाले आत धावली, तवर मुनीमजी निघून गेले.

माहा भाऊ मधु. शेठजीचा डायवर. तुम्ही त्याले पाहिलं आहे, मामाजीले खांदा देताना सगळ्यात मोठ्यानं रडत होता तो.

ऐका. ते गाडी दुरुस्त झाली नाई. मामाजीनं दुरुस्त केली नाई अजून.

आमचे हे पाहा, खाली मान घालून बसले. काल ह्याइले सांगितलं तं म्हनले, "बाबाच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी तू म्हनतेस बाबाचं काम अर्धं होतं? गॅरेजचं नाव घालवतेस का? तुले गाडीतलं काय समजते वं?"

काय समजते, ते सांगते.

मामाजीचे कान अर्धे गेले होते, जवळून मोठ्यानं बोललं तरच समजे. चाळीस वर्षं हातोड्याच्या आवाजात काढले. कोनाले सांगत नव्हते, गिऱ्हाईक पळन म्हनून. तुम्हाले वाटे मिस्त्री इंजिनाले कान लावून ऐकते. ते ऐकत नव्हते. मी ऐकत होती. मामाजी म्हनत, "सुनबाई, तुहे कान उसने दे थोडे." पोरीले झोपवून मी गाडीत जाऊन बसे.

ह्या शेठजीच्या गाडीले क्लच नाई. स्टेरिंग डावीकडे, अन् त्याच्या खाली एक दांडी. दांडी ओढली की गेर आपोआप पडते. मले इंग्रजी अक्षरं येत नाई, तं मामाजीनं घरं सांगितले. पहिलं घर उभं राहाचं, दुसरं मागे जाचं, तिसरं मोकळं, चौथं पुढे जाचं. म्हनत, "ब्रेकवर पाय घट्ट दाब, अन् तिसऱ्यातून चौथ्यात टाक."

टाकलं की धाड! कंबरेत बसे. कोनी मागून लाथ मारल्यासारखं.

दुसऱ्या गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, गेरबॉक्स गेला, पुरा खोला. मामाजी म्हनले, "खोलाची घाई काहून? आधी पाहू तं द्या." त्याइनं बॉक्सचं तेल बोटावर घेतलं, वास घेतला. जळकं नव्हतं. मग इंजिन उभ्या गाडीत जास्त पळत होतं, ते स्क्रूनं कमी केलं. "आता टाक." धाड थोडी कमी झाली. थोडीच. मग खाली निजून मागच्या चाकाकडे जानारा लोखंडी दांडा हलवून पाहिला. तो घट्ट.

मग मधुले गाडीत बसवलं, बॉनेट उघडलं, अन् मले बाजूले उभं केलं. "सामने नाई. बाजूले. अन् पाह्य." मधु हसे. "ताई, तुह्या सासऱ्यानं तुले मेकॅनिक बनवलं, आता मले पोळ्या लाटाले बसवते का?" मामाजी म्हनले, "तुह्या पोळ्या कोन खाईन गा? दांडी टाक."

त्यानं दांडी टाकली, अन् अख्खं इंजिन डाव्या बाजूनं चार बोटं वर उठलं. धाडकन खाली बसलं.

इंजिनाच्या खाली जाड रबर असते, त्याच्यावर ते बसते. डाव्या बाजूचं रबर फाटून दोन तुकडे झाले होते. मामाजीनं मले दाखवलं. इंजिन उठलं की पायाच्या रेसची सळई त्याच्यासंगं ओढल्या जाते. म्हनले, "गेरबॉक्स बिचारा निर्दोष आहे, पोरी. पन चढावर जोर पडला, इंजिन उठलं, अन् सळई अडकली, तं गाडी आपल्या मनानं पळन. ब्रेक पुरनार नाई."

मधु तवा शेठजीच्या निरोपावर निघून गेला होता. हे त्यानं ऐकलंच नाई.

मामाजीले पक्कं करून घ्याचं होतं. दोर मागितला. सापडला नाई. मी पेटीतून जुनं लुगडं आनून देलं. माह्या आईचं, हिरवं, लाल काठाचं. त्याइनं पिळून इंजिन खाली चेसीले, गाडीच्या सांगाड्याले, करकचून बांधलं. "आता टाक वं."

मी टाकलं. काहीच नाई. लोनी.

मामाजी लहान लेकरासारखे हसले. मी म्हनलं, झाली ना मग? तं म्हनले, "वेडी आहेस का? हे पाहाच्यापुरतं, दोन मिनिटांचं. रस्त्याचं नाई. गरम इंजिनाजवळ कपडा किती टिकन? उद्या रबर बसवतो."

मग चहा पिऊन थोडे आडवे झाले. उठले नाई.

आठ दिवस मले कशाची सुध नव्हती. काल मधु गाडी न्याले आला तवा मी आत बायकाइत होती. त्यानं दांडी टाकली, धक्का नाई, त्याले वाटलं मामाजी काम करून गेले. ह्याइनं चाबी देली. कोनी बॉनेट उघडलं नाई. मी कोनाले सांगून ठेवलं नाई. ते चूक माही आहे.

हे पाहा. हे मामाजीच्या खिडकीतून आनलं. ट्रकच्या रबरातून कापून राहिले होते. एक भोक पाडलं आहे. दुसरं राहिलं. नवीन रबर इथं माह्या हातात आहे, तं गाडीत काय आहे? सांगा ना. गाडीत काय आहे?

तुम्ही बोलून राहिले ते खोटं नाई. मामाजीनं बरोबर ओळखलं होतं. फक्त त्याइले एक दिवस कमी पडला.

पंपवाले काकाजी, कुठं बसले तुम्ही? सकाळी पोरीले कडेवर घेऊन तुमच्या पंपावर आली होती मी. तुम्ही मामाजीच्या मानासाठी पंप बंद ठेवला, ऑफिसले कुलूप. कुलूप पाहून मी तिथंच रडली. तुमच्याकडे फोन आहे. सावनेरचा ट्रंक कॉल लागाले टाइम लागते, अन् गाडी चारले निघते. जिनिंगवाल्याइले सांगा, मधुले बोलवा. म्हना, गाडी सुरू करू नको. म्हना, बॉनेट उघड, डावीकडे वाकून पाह्य, तिथं आईचं हिरवं लुगडं आहे. तो ओळखन. पाहिलं की त्याले दुसरं काही सांगा लागनार नाई.

मामाजी, तुमचं अर्धं काम मी चार लोकाइत सांगितलं. रागावू नका. तुम्ही असते तं तुम्हीच धावत गेले असते.

आता सगळे मामाजीसाठी उभे राहा. बोलू नका, दोन मिनिटं.

काकाजी, तुम्ही नका उभे राहू. तुम्ही जा. माह्या भावाले फोन लावा.